गाठ, गळू आणि कर्करोग : चित्रपरीक्षेचे महत्त्व

व्यापारी मनुष्य हिशेबाच्या बाबतीत मोठा दक्ष असतो. वर्षअखेर वखारीतील माल मोजल्यावाचून तो नव्या वहीचे पूजन करीत नाही, आणि कुळाकडील शेवटची पै जमा झाल्यावाचून त्याचे खाते बंद करीत नाही. हीच दक्षता आपण घरच्या माणसांच्या प्रकृतीविषयी दाखवितो काय, असा प्रश्न कोणी केला तर आपल्यापैकी पुष्कळांना उत्तर देताना थोडे थांबावे लागेल. त्यातही दुखणे स्त्रीचे असले व ते लाजेच्या जागी असले, तर ते कित्येक महिने तिच्या पदराआडच राहते. सासूबाईंना सांगावे की नाही याचा विचार करण्यात पहिला महिना जातो. पोटीस बांधून पाहण्यात दुसरा जातो. लग्नसराई आटोपू दे, दिवाळीचा हंगाम होऊ दे, असे म्हणता म्हणता पुढचे चारसहा महिने निघून जातात.

अशा दुखण्यांपैकी एकाविषयी आम्ही या स्मरणिकेत चार शब्द लिहीत आहो. स्तनात गाठ येणे, ती गळवाची असणे किंवा कर्करोगाची असणे, आणि त्या दोहोंतील भेद यंत्राने घेतलेल्या चित्रांवरून ओळखणे, हा आमचा विषय आहे. तो संकोचाचा वाटेल, हे आम्ही जाणून आहो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२२ सालासाठी केलेल्या अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग नव्याने जडला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. आपल्या देशात या रोगाच्या रुग्णांचा मोठा भाग रोग पुढच्या पायरीवर गेल्यानंतरच रुग्णालयाची पायरी चढतो. असे आकडे समोर असता संकोच बाळगणे परवडण्यासारखे नाही.

हाताची परीक्षा कोठे अडते

स्तनातील गळू हे विशेषेकरून अंगावर पाजणाऱ्या मातेचे दुखणे होय. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत स्तनाग्राला चिरा पडतात, दूध साचून राहते, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस नामक जंतू बहुधा या संधीचा फायदा घेतो. प्रथम लाली, ठणका व ताप येतो. वेळीच उपाय न झाल्यास आत पू धरतो. घरातील वडीलधाऱ्या बायका याला दृष्ट लागली म्हणतात, दूध गोठले म्हणतात, आणि जवसाचे पोटीस बांधतात.

पू वरच्या थरात असेल तर वैद्याच्या बोटांना तो कळतो. तो खोल असेल तर मात्र हाताला नुसता टणकपणा लागतो. तो टणकपणा केवळ सुजेचा आहे, साचलेल्या दुधाचा आहे, पुवाचा आहे की आणखी कशाचा आहे, हे अनुभवी बोटांनाही निश्चयाने सांगता येत नाही. पूर्वीचे शस्त्रवैद्य म्हणूनच गळू पिकण्याची वाट पाहत, व पिकल्यावर मोठी चीर देत. आत पू नसताना दिलेली चीर आणि पू असताना लांबणीवर टाकलेला उपाय, या दोन्ही गोष्टी रोगिणीला सारख्याच जाचक होत. हाताला न दिसणारे डोळ्यांना दिसू लागले, तेव्हाच ही अडचण दूर झाली.

अदृश्य दिसू लागले त्याची कथा

जर्मनीतील व्यूर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताच्या हाडांचे चित्र घेतले. हाड आणि मांस यांतील फरक मोठा असल्यामुळे ते चित्र सहज उमटले. स्तन मात्र सगळाच मऊ. त्यात चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि रोगाची गाठ यांच्या घनतेतील फरक अत्यंत थोडा. म्हणून हाडांच्या चित्रांनंतर स्तनाच्या चित्रांना बराच काळ लागला.

बर्लिनचे शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या सुमारे ३ हजार स्तनांची क्ष-किरण-चित्रे घेऊन ती प्रत्यक्ष रोगाशी ताडून पाहिली व १९१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोगाच्या जागी चुन्याचे अतिसूक्ष्म कण साचतात, ही गोष्ट त्यांच्या चित्रांत प्रथम दिसली. त्यानंतर १९३० साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे स्टॅफर्ड वॉरन यांनी ११९ जिवंत रोगिणींच्या स्तनांची चित्रे घेऊन दाखविली. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशाचे राउल लेबोर्न यांनी १९५० च्या सुमारास दोन गोष्टी ठसवून सांगितल्या. एक, चित्र घेताना स्तन दाबून सपाट केला पाहिजे. दुसरी, ते चुन्याचे कण बारकाईने पाहिले पाहिजेत. पुढे १९६० साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील रॉबर्ट ईगन यांनी एक हजार तपासण्यांचा अनुभव मांडला. त्यांची पद्धत इतरांनाही तशीच्या तशी करता येत होती, हे तिचे वैशिष्ट्य. मॅमोग्राफी ही विद्या रुग्णालयांत रुजली ती येथपासून असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरी विद्या ध्वनीची. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा अतिसूक्ष्म कंपनांचा ध्वनी शरीरात सोडावयाचा आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने व किती जोराने परत येतो त्यावरून आतील रचनेचे चित्र तयार करावयाचे, हे सोनोग्राफीचे तत्त्व. मिनिआपोलिस येथे जॉन वाइल्ड हे शस्त्रवैद्य आणि जॉन रीड हे तंत्रज्ञ यांनी १९५०-नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतच या ध्वनीने स्तनातील गाठी तपासून पाहिल्या होत्या. क्ष-किरणांना गाठ दिसते, पण ती पाण्याने भरलेली की भरीव हे त्यांना नीटसे सांगता येत नाही. ध्वनी ते तत्काळ सांगतो. या दोन विद्या अशा रीतीने परस्परांच्या उणिवा भरून काढतात.

गळवाचे चित्र

गळवाचा संशय येताच प्रथम करावयाची ती सोनोग्राफी. तीत किरणोत्सर्ग नसतो, दाब द्यावा लागत नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला व मुलाला तिच्यापासून अपाय नाही. उलट ठणकणारा स्तन मॅमोग्राफीच्या पट्ट्यांत दाबणे म्हणजे रोगिणीचे हाल करणे होय. शिवाय दुधाने भरलेल्या स्तनाचे क्ष-किरण-चित्र धूसर येते. यास्तव ऐन दुखण्यात ती तपासणी बहुधा मागे ठेवतात. तथापि कर्करोगाचा संशय असेल तर पाजणाऱ्या मातेचीही मॅमोग्राफी करता येते. आधी मुलाला पाजून स्तन रिकामा केला म्हणजे चित्र अधिक स्वच्छ येते, आणि क्ष-किरणांनी दूध बिघडत नाही.

सोनोग्राफीच्या पडद्यावर पू काळसर दिसतो. त्यात तरंगणारे कण हलताना दिसतात. सभोवती जाड कड असते. रक्ताचा प्रवाह दाखविणारी योजना यंत्रात असल्यास कडेला रक्ताचा ओघ वाढलेला आणि मध्यभागी अजिबात नसलेला दिसतो. असा पोकळ भाग न दिसता नुसती सूज दिसली, तर सुई किंवा चीर यांची जरुरी नाही, औषधांवर भागते. म्हणजे करावयाचे काय आणि करावयाचे नाही काय, या दोन्ही गोष्टी ते एक चित्र ठरविते.

पू दिसल्यास आता पहिला उपाय चाकूचा राहिलेला नाही. जागा बधिर करून, पडद्यावर सुईचे टोक दिसत असताना, ते बरोबर पुवाच्या पोकळीत नेऊन पू ओढून घेतात व तो जंतूंच्या परीक्षेसाठी पाठवितात. तीन सेंटिमीटरच्या आतील गळवे बहुधा एवढ्यानेच बरी होतात; त्याहून मोठ्या गळवात पुनःपुन्हा सुई घालावी लागते किंवा बारीक नळी ठेवावी लागते. दर दोनतीन दिवसांनी चित्र पाहावयाचे, पुन्हा पू भरला असल्यास पुन्हा काढावयाचा, आणि पोकळी मिटेपर्यंत हा क्रम चालू ठेवावयाचा. वरची त्वचा पातळ व चकचकीत होऊन फुटण्याच्या बेतात आली असेल, किंवा सुईने दाद लागत नसेल, तर मात्र चीर द्यावी लागते. या काळात मुलाला पाजणे एकाएकी बंद करू नये. दूध साचून दुखणे वाढते. वैद्याने विशेष कारणाने मना केले असेल तर गोष्ट वेगळी.

आता मुख्य मुद्दा. पू निघाला की दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, ठणका थांबतो, आणि घरात सर्वांना वाटते की झाले! औषधाच्या उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात. पुढच्या चित्राची तारीख विसरली जाते. परंतु ताप उतरणे म्हणजे पोकळी मिटणे नव्हे. शिल्लक राहिलेल्या पोकळीत पू पुन्हा भरतो. वारंवार असे झाले की त्वचेला कायमचे वाहते छिद्र पडते. आणि याहूनही गंभीर अशी एक शक्यता असते, तिच्याकडे आता वळू.

गळू नव्हे ते गळू

कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की तो गळवाचे सोंग घेऊन येतो. काही आठवड्यांतच स्तन सुजतो, तापलेला लागतो, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भागावर लाली पसरते, आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी जाड व खड्ड्याखड्ड्यांची होते. पुष्कळदा हाताला गाठ लागतच नाही. याला दाहक कर्करोग म्हणतात. अमेरिकेतील आकड्यांप्रमाणे स्तनाच्या शंभर कर्करोगांत तो एक ते पाच इतकाच आढळतो. परंतु त्याची चाल फार जलद असते. अशा रोगिणीला गळवाची औषधे दिली जातात. एकाने गुण आला नाही म्हणून दुसरे दिले जाते, दुसऱ्याने आला नाही म्हणून तिसरे. प्रत्येक औषधाला आठदहा दिवस, आणि तेवढ्या अवकाशात रोग काखेतील गाठींपर्यंत पोहोचलेला असतो.

येथे चित्राची साक्ष बहुमोल ठरते. सोनोग्राफीत पुवाची पोकळी दिसत नाही, पण त्वचा जाड झालेली दिसते व काखेतील गाठी मोठ्या झालेल्या दिसतात. मॅमोग्राफीत एक स्तन दुसऱ्यापेक्षा सर्वत्र गडद व जाड दिसतो. अखेरचा निर्णय अर्थात् बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा व त्वचेचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा. पण तो तुकडा काढण्याची वेळ आली आहे हे चित्र सांगते. औषधाने एकदोन आठवड्यांत लाली पुरती ओसरली नाही तर नवे औषध मागण्याऐवजी चित्र आणि बायोप्सी यांची मागणी करावी, एवढे एक वाक्य जरी वाचकांनी लक्षात ठेवले तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

आपल्या देशात आणखी दोन रोग या गोंधळात भर घालतात. एक स्तनाचा क्षय. लंडनचे विख्यात शस्त्रवैद्य सर ॲस्ट्ली कूपर यांनी १८२९ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पाश्चात्य देशांत तो आता क्वचितच दिसतो, पण आपल्याकडे तो अद्याप आढळतो. दुसरा ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा चिवट दाह. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत तरुण स्त्रियांना तो होतो, एकामागून एक गळवे येतात व त्वचेला छिद्रे पडून वाहत राहतात. या दोहोंची चित्रे परस्परांसारखी आणि कधीकधी कर्करोगासारखीही दिसतात. चित्र येथे वाट दाखविते, निर्णय मात्र तुकड्याची व पुवाची परीक्षाच देते. आणि तो निर्णय अचूक लागणे अगत्याचे आहे. कारण दाहावर जे स्टेरॉइड औषध देतात, तेच क्षयाच्या रोगिणीला क्षयावरील उपचार चालू नसताना दिले तर अपायकारक होते.

अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीला गळू झाले तर अधिक सावध असावे. धूम्रपान आणि मधुमेह यांच्याशी अशा गळवाचा संबंध असतो. मधुमेह तर पेढीवर बैठे काम करणाऱ्या आपल्या कुटुंबांना अपरिचित नाही. चाळिशी उलटलेल्या स्त्रीचे गळू बरे झाल्यावर, सूज ओसरताच, मॅमोग्राफी करून घ्यावी. गळवाला चीर द्यावी लागलीच तर त्याच्या भिंतीचा तुकडा परीक्षेसाठी पाठविला की नाही, हेही विचारावे.

कर्करोगाचे निदान

मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून दोन दिशांनी चित्र घेतात. दाब थोडा त्रासाचा असतो. परंतु त्यामुळे चित्र स्पष्ट येते आणि किरणांची मात्राही कमी लागते. ही मात्रा किती, असे पुष्कळजण विचारतात. निसर्गतः जमिनीतून व आकाशातून जे किरण आपणा सर्वांवर पडत असतात, त्यांच्या सुमारे सात आठवड्यांच्या मात्रेइतकी ती असते. चित्रात तज्ज्ञ दोन गोष्टी मुख्यतः शोधतो : कडा काटेरी असलेली गाठ, आणि मिठाच्या बारीक कणांसारखे एका जागी गोळा झालेले चुन्याचे ठिपके. हे ठिपके हाताला कधीच लागत नाहीत. म्हणूनच गाठ होण्यापूर्वीचा रोग चित्रातच सापडू शकतो.

तरुण स्त्रियांच्या स्तनात ग्रंथींचा भाग जास्त असतो. तो चित्रात पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. पांढऱ्यावर पांढरे कसे ओळखावे? म्हणून तरुण वयात सोनोग्राफीवर भर देतात. आपल्याकडे पन्नाशीच्या आतील रोगिणींचे प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा अधिक असल्यामुळे ही गोष्ट आपल्याला विशेष महत्त्वाची आहे. अलीकडे अनेक कोनांतून चित्रे घेऊन स्तनाचे थरामागून थर दाखविणारी पद्धतही आली आहे. अमेरिकेत तिला २०११ साली मान्यता मिळाली. चुंबकाच्या साह्याने चित्र घेणारे एम्.आर्.आय्. यंत्र, ज्यांच्या घराण्यात हा रोग वारशाने चालत आला आहे अशा स्त्रियांसाठी, तसेच रोगाचा विस्तार पाहण्यासाठी वापरतात.

तपासणीच्या अहवालाखाली बहुधा ० ते ६ यांपैकी एक अंक असतो. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने १९९३ साली ही श्रेणी रूढ केली. हुंडीवरील आकडा वाचता येणे जसे अवश्य, तसाच हा अंकही घरातील कोणाला तरी वाचता आला पाहिजे. शून्य म्हणजे तपास अपुरा, आणखी चित्रे हवीत. त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा करणे घातक होय. एक म्हणजे निर्दोष. दोन म्हणजे निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुतेक निरुपद्रवी, कर्करोगाचा संभव शंभरात दोनांहून अधिक नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा चित्र हवे. चार म्हणजे संशय, पाच म्हणजे कर्करोगाचा संभव शंभरात ९५ किंवा त्याहून अधिक. दोन्ही ठिकाणी बायोप्सी हवी. सहा म्हणजे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेला रोग. यांतील तीन हा अंक आम्हास सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो ऐकून घर निर्धास्त होते आणि सहा महिन्यांनी पुन्हा यावयाचे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

सुई घातली की कर्करोग पसरतो, अशी समजूत अद्याप घराघरांत आहे. या समजुतीने बायोप्सी टाळणाऱ्या स्त्रीचे जे नुकसान होते ते प्रत्यक्ष असते. सुईपासूनचे भय मात्र निराधार आहे. शिबिरांतून कधीकधी उष्णतेचे रंगीबेरंगी चित्र घेऊन ‘किरण नाहीत, दाब नाही’ अशी जाहिरात होते. अशी तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असे अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने स्पष्ट बजावले आहे.

उपचार चालू असताना

चित्राचे काम निदानापाशी संपत नाही. मोठी गाठ असल्यास पुष्कळदा शस्त्रक्रियेपूर्वी औषधे देऊन ती लहान करतात. ती खरोखरच लहान होत आहे की नाही हे सोनोग्राफी किंवा एम्.आर्.आय्. यांनी मापून पाहतात. कधी गाठ इतकी विरघळते की ती होती कोठे हेच सापडत नाही. म्हणून औषधे सुरू करण्यापूर्वी गाठीत धातूची एक सूक्ष्म खूण ठेवतात, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्या आधाराने जागा शोधतात. रोग हाडांत, फुप्फुसांत वा यकृतात गेला आहे काय हे, जरूर वाटल्यास, सी.टी. अथवा पेट-सी.टी. या तपासण्यांनी पाहतात. काही औषधांचा परिणाम हृदयावर होतो, म्हणून हृदयाचे ध्वनिचित्र अधूनमधून घेतात. काहींनी हाडे ठिसूळ होतात, म्हणून त्यांची घनता मोजतात.

शस्त्रक्रिया म्हणजे संपूर्ण स्तन काढणेच, असेही आता राहिलेले नाही. इटलीतील मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी व अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी केलेल्या परीक्षांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. गाठ लहान असताना केवळ तेवढा भाग काढून किरणोपचार दिले तरी आयुर्मानात उणेपणा येत नाही, असे त्यांत सिद्ध झाले. अशा स्त्रीने दरवर्षी मॅमोग्राफी करावयाची असते. राखलेल्या स्तनाची आणि दुसऱ्याचीही.

जमा आणि खर्च

काहीही लक्षण नसताना सर्व स्त्रियांनी मॅमोग्राफी करावी काय? व्यापाऱ्याला शोभेल अशा रीतीने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहू. न्यू यॉर्क येथे १९६३ च्या अखेरीस ४० ते ६४ वर्षांच्या सुमारे ६२ हजार स्त्रियांवर पहिली मोठी परीक्षा सुरू झाली, आणि तपासणीसाठी बोलाविलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले. ही जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी की, तपासणीत असेही कर्करोग सापडतात की जे त्या स्त्रीला आयुष्यात कधीच त्रास देते ना. ब्रिटनमधील एका स्वतंत्र तज्ज्ञमंडळाने २०१२ साली हिशेब मांडला : पन्नाशीच्या १० हजार स्त्रियांना वीस वर्षे तपासणीस बोलाविल्यास ४३ मृत्यू टळतील, आणि १२९ स्त्रियांवर अनावश्यक निदानाचा व उपचाराचा भार पडेल. तरीही लाभ अधिक, असाच त्या मंडळाचा अभिप्राय पडला. अमेरिकेतील अधिकृत मंडळाने २०२४ साली ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची शिफारस केली आहे.

आपल्या परिस्थितीतला प्रयोग मुंबईत झाला. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतील वस्त्यांत दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर तो सुरू केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासावयाचे, आणि संशय आल्यास पुढे पाठवावयाचे, अशी त्याची योजना होती. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या पायरीवर सापडला. पन्नाशीच्या वरच्या स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले; पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तशी लक्षणीय घट दिसली नाही. जेथे यंत्र नाही तेथेही शिकलेला हात निरुपयोगी नाही, असा याचा अर्थ. भारत सरकारच्या योजनेतही ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची अशी हाताने तपासणी करण्याची तरतूद आहे. हात शोधतो, चित्र ओळखते आणि बायोप्सी निर्णय देते. या तिघांची साखळी कोठे तुटू नये.

घरोघरी काय करावे

बेळगाव असो, इंदूर असो वा वडोदरा, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी यांची सोय आज आपल्या शहरांत आहे. उणीव आहे ती वेळेवर जाण्याची. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी गाठ, बाळंतिणीची असली तरी, चित्राने तपासून घ्यावी. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, त्वचेला खळी पडणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुखत नाही म्हणून थांबू नये. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. पुरुषांनीही हे आपल्याला लागू नाही असे समजू नये, कारण या रोगाच्या शंभर रुग्णांत सुमारे एक पुरुष असतो.

दुसरी गोष्ट कागदांची. प्रत्येक तपासणीचे चित्र व अहवाल तारीखवार एका बासनात जपून ठेवावेत. गेल्या वर्षीचे चित्र शेजारी असले म्हणजे या वर्षी काय वाढले व काय तसेच राहिले हे तज्ज्ञाला तत्काळ कळते. पुष्कळदा त्यामुळे एखादी बायोप्सी टळते, आणि कधी नेमकी वेळेवर होते. पुढील चित्राची तारीख तर उधारीच्या मुदतीप्रमाणे पेढीच्या रोजमेळातच टिपून ठेवावी. संघाने शिबीर भरविल्यास एका दिवसाच्या तपासणीवर समाधान मानू नये. ज्यांना पुढे पाठविले त्या भगिनी खरोखर पुढे गेल्या की नाही, याची विचारपूस करणारी दोन वडीलधारी माणसे नेमावीत.

शेवटी सभासद बंधूंना एक विनंती. घरातील स्त्री आपणहून बोलत नाही, कारण दुकान सोडून कोणी बरोबर येईल असा तिला भरवसा नसतो. तो भरवसा एकदा शब्दाने द्यावा, आणि वेळ आली की अर्धा दिवस दुकान बंद ठेवून तो पाळावा. गळू बरे झाले असे ताप उतरल्यावरून मानू नये. पोकळी मिटली आहे आणि मागे काही उरलेले नाही, असे चित्राने सांगेपर्यंत ते खाते उघडेच ठेवावे.